उतरत्या इयत्ता

"अजून तुझी इयत्ता आली नाही," असं म्हणून काका टेपरेकॉर्डरवर पंजा ठेवायचे, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. आत एखादा बुवा नुकताच आलाप घ्यायला लागलेला असायचा. तो बंद. समोर मी, वय वर्षं नऊ. मग कॅसेट बदलायची आणि माझ्या नशिबी बालगीत यायचं.

नेहरू नगरात आमच्या शेजारच्या घरात ते राहायचे. वडिलांची कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा शाळकरी वयात इथे आले, पुढे स्वतःही सरकारी नोकरीत चिकटले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. रविवारी सकाळी कॉलनीतल्या मराठी पोरांना ते गाणं ऐकायला बसवायचे. आम्ही काकूंच्या पोह्यांसाठी जायचो, खोटं कशाला बोलू!

त्यांचा अभ्यासक्रम पक्का होता. आधी बालगीतं, मग भावगीतं, मग नाट्यपदं आणि सगळ्यात वर ख्याल. हा क्रम त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. ज्या क्रमाने गाणं त्यांना स्वतःला भेटलं, तोच त्यांनी आम्हाला लावला होता. आईने म्हटलेली गाणी लहानपणीची, भावगीतं नवीन नोकरीतली. नाट्यपदांचं वेड सासऱ्यांनी लावलं आणि ख्याल चाळिशीनंतर आला. एक इयत्ता चुकवून पुढे जायला मनाई होती. "काका, आणि सिनेमाची गाणी?" असं मी एकदा विचारलं.

"तो ऐच्छिक विषय. मार्क धरत नाहीत."

मी ऐच्छिक विषयातच रमलो. पुढे कॉलेजात कव्वालीच्या नादी लागलो, मग नुसत्या धडधडाटाच्या. नोकरी लागली एम. पी. नगरात. तिशी उलटल्यावर एका संध्याकाळी तिथल्या गर्दीत गाडीत अडकलो होतो आणि रेडिओवर ख्याल लागला. गर्दी सुटली, मागचे भोंगे वाजवायला लागले, कुणी ओरडलं, "भैया, सो गए क्या?" आणि मला गाडी हलवावीशी वाटेना. मी ती बाजूला घेतली आणि काकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "पास" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. बक्षीस समारंभ वगैरे काही नाही, असा माणूस!

तेव्हापासून आमचा रविवार पुन्हा सुरू झाला. मी स्पीकर घेऊन जायचो, ख्याल लावायचो आणि ते डोळे मिटून बसायचे. पाच-सहा वर्षं हे चाललं. गेल्या वर्षी एका रविवारी त्यांनी मध्येच डोळे उघडले.

"हा माणूस का ओरडतोय? बंद कर."

मला वाटलं, थट्टा करतायत. काकू तर खूश झाल्या. "बरं झालं जी, सुटले एकदाचे! चाळीस वर्षं माझं डोकं उठवलं या बुवांनी." मग काकांनी नाट्यपद मागितलं, मांडीवर ताल धरला. मीही हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पुढच्या महिन्यात त्यांना धाकट्या मुलाचं नाव आठवेना, आपण निवृत्त झालोय हेही आठवेना. सोमवारी डबा मागायचे. डॉक्टरांनी सांगितलं की अलीकडचं आधी जाईल आणि मागचं मागून. काकू घरी येऊन खुर्चीत बसल्या. मग मला म्हणाल्या, "तुला समजलं ना, काय होऊन राहिलं ते? ख्याल गेला. आता नाट्यपद आहे. ते माझ्या बाबांनी लावलेलं. त्याच्या खाली भावगीत."

"मग?"

"भावगीतात मी नाही रे. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं."

त्या दिवशी मी एक खुळा बेत केला. काकांना नाट्यपदांतच अडकवून ठेवायचं. स्पीकर त्यांच्याकडेच ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ तीच पदं फिरत राहतील अशी सोय केली. काकू स्वयंपाक करताना कान देऊन असायच्या. पद संपलं की त्यांचा हात कणकेतच थांबायचा. दुसरं सुरू झालं की पुन्हा मळायला लागायच्या. तीन आठवडे काका टिकले. काकूंना नावाने हाक मारायचे, भाजीला नावं ठेवायचे. मला तर वाटलं, जिंकलो.

चौथ्या रविवारी काका माझ्याकडे वळून अदबीने म्हणाले, "अहो, एखादं भावगीत लावता का?"

मला त्यांनी कधी अहो म्हटलं नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "लाव. किती दिवस अडवशील?"

मी लावलं. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनाही ते गाणं येत होतं, दुसऱ्या कडव्यापासून त्या हलकेच गुणगुणायला लागल्या. काका ऐकत राहिले, त्यांच्याकडे बघत राहिले. शर्टाची कॉलर त्यांनी नीट केली.

"छान गाता हो तुम्ही. राग मानू नका, पण... तुमचं लग्न झालंय का?"

"झालंय," काकू म्हणाल्या.

"अरेरे," काका म्हणाले आणि खरंच हिरमुसले.

काकू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या हसतही होत्या आणि रडतही होत्या. "बघितलंस? पहिल्या वेळी घरच्यांनी ठरवलं होतं. या वेळी त्यांनी स्वतः विचारलं. मी मूर्ख, झालंय म्हणून बसले. पुढच्या रविवारी विचारू दे, नाही म्हणते की नाही बघ!"

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा काकू ठेवणीतली साडी नेसून त्यांच्यासमोर बसल्या होत्या. केसांत अबोलीचा गजरा होता. "लाव लवकर, तेच लाव," म्हणाल्या. मी भावगीत लावलं. काकू गायला लागल्या, या खेपेला मोठ्याने, अगदी पहिल्या ओळीपासून.

काकांनी कानांवर हात ठेवले. घाबरून मागे सरकले आणि माझा हात घट्ट धरून रडवेल्या आवाजात म्हणाले, "या बाईंना घरी जायला सांगा. माझी आई कुठेय?"