तेलाचा वास

ऑर्वल शिफ्लेटनं टेबलावर शेवटचं काडतूस वळलं. लाकडी दांड्याभोवती कागद, तळाशी शिशाची गोळी, वर मोजून बंदुकीची दारू, मग शेपटीला घडी. साठ झाली. आज डोंगरापलीकडे ठासणीच्या बंदुकांची स्पर्धा होती आणि दरवर्षीप्रमाणे त्याच्याच ट्रकनं चौघांना घेऊन घाट ओलांडायचा होता.

अडतीस वर्षं त्यानं ट्रकांचे गिअरबॉक्स दुरुस्त केले. तेल नुसतं हुंगायचा आणि सांगायचा, "जाईल अजून दहा हजार मैल," नाहीतर, "ह्याचं आटोपलं." सगळं खोरं त्याच्या नाकावर विसंबून असे. पण हिवाळ्यातल्या तापानंतर त्याला वासच येईनासा झाला होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

अंगणात ट्रक चालू ठेवून त्यानं गिअरबॉक्समधली तेल मोजायची दांडी ओढून काढली आणि काडतुसाच्या उरलेल्या कागदावर पुसली. लाल तेल किंचित तपकिरी झालं होतं. जुनं झालं म्हणून की जळलं म्हणून? ते वासच सांगणार. त्यानं कागद नाकाशी धरला. काही नाही.

"काय म्हणतंय नाक?" जुना दोस्त वेंडेल बंदूक खांद्यावर टाकून उभा होता. "की तुझ्याबरोबर तेही रिटायर झालं?"

"ठीक आहे" एवढंच म्हणायचं होतं. ऑर्वलनं तोंड उघडलं आणि त्याला घाटातलं उभ्या चढाचं वळण आठवलं. तिथंच गिअरनं दगा दिला तर?

तेवढ्यात वाटेत खायला हॅम भरलेल्या बिस्किट-पावांची पिशवी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, नेड्रानं, त्याच्या हातातून कागद घेतला, हुंगला.

"जळलंय."

"तुला गं काय कळतं त्यातलं?"

"मार्चमध्ये हॅमचा कोळसा होत होता आणि तू शेगडीशेजारी पेपर वाचत बसला होतास. तेव्हापासून सगळं कळतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

वेंडेल टोपी चाचपत राहिला. ऑर्वलनं इंजिन बंद केलं.

"वास येत नाही मला, वेंडेल. हिवाळ्यापासून."

"बरं," वेंडेल म्हणाला. "माझी व्हॅन घेऊ. पण आधी तिचं तेल बघ. मी तर आजवर बघितलेलंच नाही."

"गाढवा!"

ऑर्वलनं व्हॅन चालू करून दांडी ओढली, नव्या कागदावर पुसली, रंग नीट पाहिला. मग कागद नेड्रापुढे धरला. तिनं डोळे मिटले, अगदी तो मिटायचा तसे, आणि सावकाश श्वास घेतला.