आधी दोरी ओढून बघा

माझा दादा शिंपी. कुणाचंही कापड बेतताना शिवणीच्या आत दोन बोटं माया जास्तच सोडायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचा, "माणूस सुटतं हो, कापड वाढत नाही." त्याच्या हातचे कपडे लोकांनी उसवून, सैल करून वर्षानुवर्षं घातले. मग त्याचं चुकतंय असं कोण म्हणणार? मीसुद्धा नाही म्हटलं, आणि मी कुणाला सोडणारी नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

वहिनीची फुप्फुसं थकली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसभर पलंगाशी घुरघुरायचं, त्याची नळी तिच्या नाकाला. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. म्हणून जनरेटर घ्यायचं ठरलं. दादाबरोबर मी गेले, कारण हा एकटा गेला की दुकानदार म्हणेल त्याला मान डोलावून येतो. त्या दिवशी मात्र उलटंच झालं.

दुकानदाराने विचारलं, "वीज गेल्यावर काय काय चालवायचंय?"

"मशीन, एक पंखा, एक दिवा."

त्याने कोपऱ्यातला लहानसा जनरेटर पुढे ओढला. "यात आरामात भागेल. मशीन सुरू होताना जरा जास्त वीज खातं, तेही धरलंय. आणि दोरी हलकी आहे, घरातलं कुणीही सुरू करेल."

दादाने त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "उद्या तिला मोठं मशीन लागलं तर?"

"लागेल तेव्हा बघू की, मास्तर."

"तेव्हा धावपळ कोण करणार?" असं म्हणून त्याने चांगला तिप्पट मोठा निवडला. दुकानदाराने पाय रोवून दोरी ओढली, तेव्हा कुठे दुसऱ्या हिसक्याला तो सुरू झाला. "हा जड जातो बरं का," तो म्हणाला.

दादा हसला. "ओढायला मी आहे ना."

जनरेटर मागच्या दाराबाहेर पत्र्याखाली बसला. वहिनी दाराला टेकून बघत होती. "अहो, नाकापेक्षा मोती जड झाला की," ती म्हणाली. दादाने त्याच्यासाठी जाड कापडाची खोळ शिवली, कडेला निळी गोट लावून. तिलाही आत माया सोडलेली. "हा काय वाढणारे का?" म्हणून वहिनी इतकी हसली की तिला खोकला आवरेना. दादा तिची पाठ चोळत बसला. मला वाटतं, त्या घरातलं ते शेवटचं हसू.

अडीअडचणीला ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर घरात असायचा. तो संपला होता, म्हणून एका दुपारी वहिनीला घरात एकटी ठेवून दादा तो भरून आणायला गेला. "गेलो आणि आलो," एवढंच बोलला. जनरेटर होता, त्यामुळे त्याचा जीव निर्धास्त होता. तो भरणाऱ्याच्या दुकानात असतानाच तिथले दिवे गेले. सिलिंडर खांद्यावर घेऊन तो धावत सुटला. वय काय, वजन काय, कशाचं भान नाही.

पलंग रिकामा होता. वहिनी मागच्या दाराबाहेर, जनरेटरला टेकून बसलेली. दोरीची मूठ हातात, तळवा सोलवटलेला. खोळ मात्र नीट घडी करून बाजूला ठेवलेली. किती वेळा ओढली असेल, देव जाणे. दादाने सिलिंडर लावला, नळी नाकाशी धरली. पण ती गेली होती.

भेटायला आलेली एक बाई म्हणाली, "आयुष्याची दोरीच तेवढी होती." दादासमोर! मी तिला हाताला धरून बाहेर काढली. मला त्याचा काही पस्तावा नाही.

सगळे गेल्यावर दादा म्हणाला, "सगळं मापलं गं मी. तिचा हात तेवढा मापला नाही." आणि जन्मभर कात्री धरलेले त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते. मला रडू आवरेना. त्याला रडूही येत नव्हतं, ते मला जास्त लागलं.

पुढे मीच त्याच्यामागे लागले, जनरेटर विकून टाक म्हणून. येता-जाता दिसायचा मेला. एक जोडपं बघायला आलं. नवऱ्याचे प्रश्न संपेनात: फ्रिज चालेल का, पाण्याची मोटार चालेल का, तेल किती पितो. दादाने खोळ काढली, घडी केली आणि त्याच्या बायकोकडे वळला.

"ताई, आधी तुम्ही दोरी ओढून बघा."

ती लाजली. "मी कशाला? हे आहेत ना."

"तरी ओढा."

तिने ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. जनरेटर नुसता घुरकला आणि गप्प झाला. नवरा हसत पुढे झाला, तसा दादाने त्याचा हात धरला.

"हा तुमच्या घराचा नाही," तो म्हणाला. "लहान घ्या. यांना सुरू करता येईल एवढाच घ्या."

किंमत वाढवून देतो म्हणाले, तरी दिला नाही. ते गेल्यावर त्याने खोळ परत चढवली आणि गोट सरळ केली. मग तिथेच, वहिनी बसली होती तिथे, तो खाली बसला आणि पहिल्यांदा रडला.