आधार नानाचा आकडा

धुळ्याच्या पिकअप स्टँडवर ॲव्हरेजची गोष्ट निघाली की आधार नानाचं तोंड कडू व्हायचं. पोराचं लग्न जमवताना माणूस बोलत नसेल इतकं खोटं तिथे बोललं जायचं. कुणाची गाडी लिटरला सोळा द्यायची, कुणाची अठरा, आणि एका बहाद्दराची तर मागे मळणीयंत्र जोडूनही वीस. "आरे, मंग डिझेल टाकसच कसाले? गाडीच तुले देई!" असं म्हणून नाना पच्चकन थुंकायचा.

नाना धुळ्याजवळच्या फागण्याचा. बावीस वर्षं डिझेल पिकअप चालवतो. हंगामात मागे मळणीयंत्र ओढत गावोगाव हिंडायचं, हे त्याचं काम. निघताना टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर बघून ठेवायचे, परत आला की त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ. येईल तोच आकडा सांगायचा, एक दशांशही वाढवायचा नाही. त्यामुळे गाडी घेणारा माणूस शोरूमच्या आधी नानाच्या ओट्यावर यायचा. बायको कमलबाई म्हणायची, घरात दुसरं काही नाही, पण नानाचा शब्द आहे. नानाही तो जिवापाड जपायचा.

एक दिवस शोरूमचा ललित आला. नव्या पिकअपला ट्रॉली जोडून मालेगावपर्यंत जाऊन यायचं, आणि आकडा शोरूमपुढच्या मंडपात लोकांपुढे नानानं सांगायचा. नाना गेला तर ट्रॉलीत पोती रचून तयार. त्यानं एक पोतं सहज एका हातानं उचललं. आत भुसा. "लाज नहीं का रे तुमले?" तो असा ओरडला की मंडपवाल्यांचे हात थांबले. पोती उतरवून मका भरला, ट्रॉलीसकट दीड टन काट्यावर मोजला, तेव्हा कुठे नानानं चावी घेतली.

गाडी गुणाची होती. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता ओढत होती. परतताना लळिंगचा घाट आला आणि उतारावर नानाचा हात सवयीनं गिअरवर गेला. न्यूट्रल. गाडी आपल्या वजनानं सुटली, डिझेल वाचलं. बावीस वर्षं हा हात असाच जात होता. सगळेच ड्रायव्हर करतात, म्हणून त्याला ते कधी खोटं वाटलंच नव्हतं. आकडा आला साडेचौदा.

मंडपात ललितनं त्याला हार घातला. पहिल्याच रांगेत वना बसला होता, नानाच्याच गल्लीतला, डावा हात प्लास्टरमध्ये. दिवाळीत नानाचा चौदाचा आकडा ऐकूनच त्यानं तशीच पिकअप घेतली आणि तोही मळणीयंत्र ओढू लागला. महिन्यापूर्वी तो लळिंगच्या घाटात उलटला, एवढंच नानाला ठाऊक होतं. तेव्हा रस्त्याला शिव्या घालून नाना मोकळा झाला होता.

"वना, कसं व्हयनं रे ते?" आज त्यानं विचारलं.

वना ओशाळला. "मन्ही गाडी दहाच दे, नाना. स्टँडवर बठ्ठा लोक हसेत. तुमना आकडा खोटा नहीं, म्हनजे मीच चुकस, आसं वाटनं. मंग उतारवर न्यूट्रल करी. मांगून मशीननी ढकलं, ब्रेकच लागना नहीं."

स्टँडवरच्या थापाड्यांची नानाला जन्मभर किळस वाटली. पण त्यांच्या थापांवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. नानाच्या आकड्यावर मात्र वनानं ठेवला होता. गळ्यातल्या झेंडूचा वासही त्याला सोसेना. त्यानं हार काढून खुर्चीवर टाकला.

"नाना, बोला ना! साडेचौदा!" ललितनं माइक पुढे केला.

"साडेचौदा उना," नाना म्हणाला. "घाटमा गाडी न्यूट्रल करी, म्हनीसन उना. गिअरमा उतारी व्हती तर कितला येता, माले माहीत नहीं. बावीस वरीसमा तो आकडा मी कधी काढाच नहीं."

ललितनं घाईनं माइक बंद केला. पुढच्या सोमवारी नानानं आपल्या गाडीला मळणीयंत्र जोडलं, वनाला शेजारी बसवलं आणि सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. मागून हॉर्न वाजत होते, त्यानं वळून पाहिलं नाही. पंपावर टाकी भरली. दहा, वनाचाच आकडा.

तिथून तो वनाला घेऊन सरळ स्टँडवर गेला आणि आकडा सगळ्यांना सांगितला. वीसवाला बहाद्दर खो खो हसला. "नाना, गाडी बिघडनी का तुम्ही म्हातारा व्हयनात?"

नानाच्या तोंडात थुंकी गोळा झाली. त्यानं वनाच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि ती गिळून टाकली.