रुखवताची ट्रॉली

भाचीच्या लग्नात बहिणीनं माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. हॉल तिनं ठरवला, आचारी तिनं ठरवला, साड्या, मानपान, गुरुजी, सगळं तिनं एकटीनं निस्तरलं. दाजी गेल्यापासून तिला त्याची सवयच झाली आहे. मी आपला उठसूट फोन करायचो, "ताई, मी काय करू?" शेवटी वैतागून ती म्हणाली, "तू मामा आहेस ना? मग तिला वेळेवर मांडवात आण. बाकी कृपा करून काही करू नकोस."

मामानं नवरीला मांडवात आणायचं, हा आमच्याकडचा मान. तो कोणीही सोडत नाही, मीही सोडणार नव्हतो. फक्त तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे सांगायची पाळी आली नसती.

माझ्याकडे पिकअप आहे. मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहणारी नव्हे. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, चाकं कमरेपर्यंत. कात्रजला माझं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. चार पाइप आणि दोन कमोड न्यायला एवढं धूड लागत नाही, हे मलाही कळत होतं. पण शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, ही हत्ती ओढेल हत्ती," आणि मी विरघळलो. बायकोनं तिथल्या तिथे विचारलं, "आपल्याकडे ओढण्यासारखं आहे काय?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मागे ट्रॉली जोडायचा हूकही बसवून घेतला.

हौस फिटली ती पहिल्याच पावसाळ्यापर्यंत. मग समोरच्या काचेखाली इंजिनाचा पिवळा दिवा लागायला लागला. सर्व्हिस सेंटरला नेली की ते लॅपटॉप जोडायचे, "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, अपडेट मारलंय, बघा आता," म्हणायचे. घरी येईपर्यंत दिवा पुन्हा हजर. कधी गाडी आपोआप हळू व्हायची आणि सायकलवाले पुढे जायचे. पार्ट बाहेरून मागवावा लागायचा आणि तो येता येत नसे. बायको शेजारणींना सांगायची, "आमची गाडी ना, कायम माहेरीच असते." मी मात्र नातेवाइकांत ब्र काढला नाही. एवढा मिरवून घेतलेला दागिना खोटा निघाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

लग्नाच्या आधी गाडी पुन्हा सर्व्हिसला होती. तिथल्या माणसानं स्पष्ट सांगितलं, "सर, क्लच घसरतोय. नवा येईपर्यंत वजन ओढू नका." मी हो म्हणालो. आणि त्याच संध्याकाळी मांजरी गावी बहिणीकडे जाऊन रुखवतासाठी तिनं ठरवलेला टेम्पो रद्द करायला लावला. "माझी गाडी असताना टेम्पो? लोक काय म्हणतील? पुढे नवरी, मागे ट्रॉलीत तिचा संसार. थाटात नेतो की नाही बघ!" बहीण माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी नीट आहे ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय! एकदम." लाज वाटते ती मुख्यतः या शब्दांची.

लग्नाच्या सकाळी भाड्यानं आणलेल्या ट्रॉलीवर कपाट चढलं, पलंग चढला, गाद्या, भांडी आणि बहिणीनं महिनाभर खपून केलेलं रुखवत. साखरेची तुळस, करंज्यांचा मोर, अनारशांची उतरंड. सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत नीट बांधून. बाकीचं वऱ्हाड पुढे गेलं. मी झोकात फेटा बांधला, भाचीला शेजारी बसवलं आणि निघालो.

हॉल कात्रज घाट उतरल्यावर लगेच होता. नव्या बोगद्यातून सरळ जाता आलं असतं. भाची म्हणालीसुद्धा, "मामा, आईनं बोगद्यानं यायला सांगितलंय." मी म्हणालो, "अगं, जुन्या घाटाचा रुबाब वेगळा. वर फोटो काढू." नवरी मुलगी मामाशी किती वाद घालणार?

अर्ध्या चढावर पिवळा दिवा लागला. मी त्याच्यावर देवीचा फोटो सरकवला. खरंच सरकवला, हसू नका. थोडं पुढे गेल्यावर भाची म्हणाली, "मामा, काहीतरी जळतंय."

"पुढच्या ट्रकचं असेल."

पुढे ट्रक नव्हता. एका वळणावर मी जोर दिला तसं इंजिन नुसतंच ओरडलं आणि चाकं जागची हलेनात. क्लच गेला. इंजिन चालू, एसी चालू, सनईची गाणी चालू, आणि गाडी ढिम्म. मागून हॉर्न सुरू झाले. एक जण खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाला, "काका, प्रदर्शन इथंच आहे का पुढं कुठं?" खास पुणेरी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बहिणीला फोन करायचा माझा धीर होईना. मी सर्व्हिस सेंटरला लावत बसलो आणि ते मला संगीत ऐकवत बसले. मुहूर्त जवळ येत होता. भाचीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ नवऱ्या मुलालाच फोन लावला. मला ना तिला थांबवता आलं, ना धन्यवाद म्हणता आलं.

हॉलकडून एक जुनी, रंग उडालेली जीप घाट चढून आली. चालवत होते मुलाचे चुलते, आणि शेजारी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले. चुलत्यांनीच त्याला शेतावर वाढवलं, शिकवलं. आमच्याकडे दाजी नाहीत, त्यांच्याकडे वडील नाहीत, त्यामुळे व्याही म्हणून भेटायचं ते आम्ही दोघांनीच, असं ठरलेलं होतं.

नवरदेव उतरला तशी मला आणखी एक आठवण झाली. अंतरपाट दूर होण्याआधी या दोघांनी एकमेकांना बघायचं नाही. मी डोक्यावरचा फेटा ओढून काढला, सोडवला आणि भाचीसमोर पडद्यासारखा धरला. पलीकडे तिचा होणारा नवरा माझ्या गाडीच्या नाकाला दोर बांधत होता. पडद्यामागून भाचीला हसू फुटलं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

जीप पिकअप ओढील, पण ट्रॉलीसकट नाही, हे उघडच होतं. मी म्हणालो, "ट्रॉली राहू दे. नंतर नेऊ."

चुलते म्हणाले, "असं कसं, पाव्हणं? पोरीचा संसार हाय. रस्त्यावर टाकून जायचा व्हय? तुमी व्हा पुढं. मी बसतो हितं."

"अहो, पण मुहूर्त..."

"मुहूर्त पोरांचा हाय. निघा."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की तुम्ही जा, मी थांबतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण मामानं नवरीला आणायचं, तो माझा मान. तो सोडवेना. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावून आम्ही निघालो. नवरदेव जीप चालवत होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला हत्ती ओढणारी माझी गाडी फरपटत जात होती. मागे पाहिलं तर चुलते नवा कोरा सदरा घालून पलंगाच्या काठावर बसले होते.

हॉलच्या दारात आमची वरात पोचली तेव्हा बँडवाल्यांनीही वाजवायचं थांबवलं. बहीण दारातच उभी होती. तिनं दोर बघितला, माझं बोडकं डोकं बघितलं आणि भाचीचा हात धरून तिला उतरवून घेतलं. माझा मान तो तिथेच संपला. ती मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती, चारचौघांत माझी लाज काढली असती तर मी तिचे पाय धरले असते.

मुहूर्त गाठला. अक्षता पडल्या. मग गुरुजींनी पुकारलं, "व्याहीभेट! वरपक्षाकडून कोण? वधूपक्षाकडून कोण?" मी हातात टॉवेल-टोपी आणि हार घेऊन पुढे झालो. समोर कोणी आलं नाही. गुरुजींनी पुन्हा पुकारलं. वरपक्षातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मग एक एक करून माझ्याकडे. नवरदेव हळूच म्हणाला, "काका घाटात आहेत." मी हार हातात धरून तसाच उभा. शेवटी गुरुजींनी पुढचा विधी घेतला.

बहिणीनं टेम्पो बोलावला. हो, तोच रद्द केलेला. माझ्या हातात भरलेलं ताट दिलं, वर दुसरं ताट झाकलं आणि पहिल्यांदाच बोलली. "त्यांना आधी जेवायला घाल. टेम्पो दुसरा माणूस चालवणार आहे. तू नुसता बस."

चुलते तिथेच होते. उन्हाची तिरीप आली म्हणून त्यांनी अनारशांचं खोकं कपाटाच्या सावलीत सरकवलं होतं आणि स्वतः उन्हात बसले होते. मी टॉवेल-टोपी दिली, हार घातला, पायांशी वाकलो तर त्यांनी मला वरच्या वर धरून मिठी मारली. आमची व्याहीभेट ती अशी झाली, घाटाच्या कडेला, टेम्पोवाल्याच्या साक्षीनं.

"पडल्या का अक्षता टायमावर?"

"पडल्या."

"मग झालं की." त्यांनी ताट मांडीवर घेतलं, पण घास उचलला नाही. "मुंडावळ्या नीट व्हत्या का हो त्याच्या? सकाळपास्नं एका बाजूला सरकत व्हत्या. म्हणलं, उभा राहिला की म्हागनं घट्ट बांधू." मग जरा लाजून म्हणाले, "कसा दिसत व्हता?"

अक्षता पडेपर्यंत मी मान खाली घालून उभा होतो. मला मुलाचे बूट दिसले होते आणि जमिनीवर पडलेल्या अक्षता. लग्न लागताना त्याच्या चेहऱ्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"छान दिसत होता," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत थांबले होते, मी आणखी काही सांगेन म्हणून.