खिळ्यांची पिशवी

मेहरूण तलावाजवळ रस्त्यासाठी कडुनिंब तोडणार होते, तेव्हा ते वाचवण्यासाठी झाडांखालीच भरणाऱ्या आमच्या बैठकीला एक म्हातारी रोज यायची. तिचं नाव कोणी विचारलं नाही. सगळे अक्काच म्हणायचे. बोलताना तिचा हात शेजारच्या खोडावरून फिरत असायचा, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

एका संध्याकाळी आमच्यातला एक कार्यकर्ता लांब खिळ्यांची पिशवी घेऊन आला. "खोडांत ठोकू. करवत तुटून एखादा जखमी झाला, की परत कोणी येणार नाही," तो म्हणाला. अर्ज करून करून आम्ही थकलो होतो. मलाही ते पटायला लागलं होतं.

अक्काने हात पुढे केला. "ती पिशवी माले दे. झाड माले बी जोयजे. पन करवत धरनारा बी कोन्या तरी मायना पोऱ्या शे."

बराच वाद झाला. शेवटी त्याने पिशवी दिली.

झाडं गेली. खिळ्यांनी ती वाचली असती, असं तो अजून म्हणतो. पण पहिला कडुनिंब पडला तेव्हा करवतवाला डोळे चोळत बाजूला आला होता. अक्का स्वतः रडत होती. तरी ती त्याच्याजवळ गेली, "डोया चोयू नको, भाऊ," म्हणाली आणि पदराने त्याच्या पापण्यांवरचा भुसा हलकेच टिपू लागली.