मोहरीएवढी अफू

कापसाच्या हंगामात आई जुन्या जालन्यातून सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला जाई. तिथे बायका ओळीने बसून किडका, डागी कापूस, म्हणजे कवडी, वेचून वेगळी करीत. तान्ही मुले दिवसभर घरी निजून राहावीत म्हणून त्यांचा उपाय ठरलेला होता : सकाळी मोहरीएवढी अफू. निजामी मुलखात ती दुकानात उघड मिळे आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. आई मात्र ती देत नसे. चार महिन्यांच्या बहिणीला सांभाळणे आणि दुपारच्या भोंग्याला पाजण्यासाठी फाटकाशी नेणे हे माझे काम. मी आठ वर्षांची होते.

एके दिवशी बहीण सकाळपासून रडतच राहिली. शेजारची मावशी म्हणाली, "जिवाला काऊन तरास करून घेऊन राह्यली? हे चाटव. आम्ही काय लेकरं मारली का?"

मी चाटवली. बहीण शांत झाली, तेव्हा मला स्वतःच्या शहाणपणाचे कौतुकही वाटले.

दुपारी फाटकाशी आईने तिला छातीशी धरले. ती तोंड लावीना. आईने तिच्या पापण्या उचलून पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिले.

"काय दिलंस?"

मी सांगितले. आई तशीच उठली.

"मुकादम, मी घरी चालले."

"आत्ता गेलीस तर उद्या येऊ नको. बायका लई हायेत."

"बराबर हाय तुमचं," एवढेच म्हणून ती निघाली. वडील हयात नव्हते. आम्ही तिघी त्या मजुरीवरच जेवत होतो.

घरी आईने बहिणीला झोपू दिले नाही. तळपायांना टिचक्या, तोंडावर गार पाणी, सारख्या हाका. दिवस कलता कलता बहीण खच्चून रडली आणि पिऊ लागली. मला आई एका शब्दानेही रागावली नाही. फक्त तो सगळा वेळ तिने मला जवळ बसवून पाहायला लावले. पुढे मी आयुष्यभर मुलींना शिकवले, पण चूक समजावण्याची याहून चांगली रीत मला सापडली नाही.

दुसऱ्या सकाळी ती बहिणीला पाठीशी बांधून फाटकावर उभी राहिली.

"न्हाई म्हनलो होतो ना?"

"म्हनले होते. पन माझ्या जागेवर काल कोन बसलं, त्याचा कापूस बघा आधी."

मुकादमाने ढिगात हात घातला. मूठभर कवडी निघाली.

"अन् हे रडलं तर?"

"रडू द्या की. रडतंय तवर मला घोर न्हाई."

"त्या लिंबाला झोळी बांध. जल्दी!"

महिन्याभरात त्या लिंबाला आणखी तीन झोळ्या लागल्या. मी घरी रिकामी झाले, तेव्हा आईने मला शाळेत घातले.