तात्या वैद्यांची तीन नावं

हाड बसवताना तात्या वैद्य तीन नावं घेत. अच्युत, अनंत, गोविंद. ‘गोविंद म्हटलं की ओढतो हं,’ असं आधी बजावत आणि ओढत मात्र ‘अनंत’ म्हणताना. माणूस अंग आवळायच्या आत हाड जागेवर बसलेलं असे. तिसरं नाव ते बांबूच्या पट्ट्या बांधता बांधता सावकाश पुरं करीत.

पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. साठीचे, ठेंगणे, पण मनगटं पैलवानाची. मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे बसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. एकोणीसशे तीसनंतरची ती सुरुवातीची वर्षं. सासर तांबटांचं, दिवसभर घरात पितळेवर ठोके पडत. नवऱ्याचा राग चढला की तो हातोड्याचा दांडा माझ्यावर चालवी. त्या दिवशी आमटी खारट झाली होती. डावा हात कोपराखाली मोडला. घाटावर पाय घसरला, असं सासूबाईंनी तात्यांना सांगितलं. त्यांनी तेल लावलं, नावं घेतली, हात बसवला. काही विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला दोन बोटं मोडली होती. मला त्यांची युक्ती ठाऊक झाली होती, म्हणून मी ‘अनंत’ची वाट बघत दात आवळले. त्यांनी ‘अच्युत’वरच ओढलं. कळ मस्तकात गेली, तरी मला हसू फुटलं. तेही हसले. एरवी मंत्राबद्दल कुणी फार भक्तीनं बोलू लागलं की म्हणत, “अहो, नाव मी माझ्यासाठी घेतो. दुसऱ्याला दुखवायचं म्हणजे आधी आपलाच हात कापायला लागतो.”

पट्टी बांधून झाल्यावर मात्र ते सासूबाईंकडे वळले. पडून मोडलेलं हाड निराळं असतं आणि मारून मोडलेलं निराळं, एवढंच बोलले. घरच्या गोष्टी घरात राहू द्या, असं सासूबाई म्हणाल्या. तात्यांनी मला त्यांच्याबरोबर परत जाऊ दिलं.

तिसऱ्यांदा नवऱ्यानं भर दुपारी अंगणात मारलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, कानातून रक्त आलं. शेजारच्या काशीबाईंनी मला उचलून तशीच तात्यांकडे आणली. त्यांनी मला भिंतीला टेकवून बसवलं, खांद्याखाली हात घातला आणि पहिलं नाव घेतलं. तेवढ्यात नवरा दांडा घेऊन आत शिरला. काशीबाई आडव्या गेल्या. त्यानं त्यांना ढकललं. त्यांचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. मग त्यानं माझ्यावर दांडा उगारला.

तात्यांनी त्याचं मनगट वरच्यावर धरलं. दुसरा हात त्याच्या काखेत घातला आणि एकच हिसडा दिला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. नवरा जमिनीवर कोसळून जनावरासारखा ओरडू लागला. त्याचा हात खांद्यापासून लोंबत होता. तात्या त्याच्याजवळ उकिडवे बसले.

“ही कुठून पडली?” त्यांनी विचारलं.

तो नुसता विव्हळत राहिला. त्यांनी लोंबता हात बोटभर हलवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“मी मारलं,” तो म्हणाला.

एव्हाना दारात माणसं गोळा झाली होती. सगळ्यांनी ते ऐकलं. मग तात्यांनी त्याचा खांदा परत बसवला. त्या वेळी ते नाव घ्यायला गेले, पण आवाज फुटेना. खांदा तसाच मुक्यानं बसवला. नंतर माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे हात कापत होते. “पोरी, आज मला तो हात हलवताना बरं वाटलं,” ते म्हणाले. “हे फार वाईट झालं.” त्या दिवशी माझ्यासाठी नावं काशीबाईंनी घेतली, कपाळावर फडकं दाबून धरून.

आठवडाभर मी तात्यांच्या घरीच होते; मग माहेरी सटाण्याला मला तात्यांनी स्वतः मोटारीतून पोचवलं. वडिलांची इच्छा नव्हती. लग्न झालेली मुलगी घरात ठेवली तर धाकटीचं जमणार नाही, जावयाला समज देऊन परत पाठवतो, असं ते म्हणत होते.

तात्या ओसरीवर खाली बसले. चहा त्यांनी घेतला नाही. “मी वैद्य आहे, आणि तुमच्या जावयाचा खांदा मी जाणूनबुजून उखडला,” ते म्हणाले. “त्या दिवसापासून मी हाड बसवायचं सोडलं. त्याचं काय व्हायचं ते माझं होईल. पण दुसऱ्या खेपेला मला सगळं कळलं होतं आणि मी पट्टी बांधून हिला त्याच घरी परत पाठवली. ते तुम्ही करू नका. पुढच्या खेपेला बसवायला हाड उरणार नाही.”

वडिलांनी माझा हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीकडे पाहिलं.

“मनी पोर आठेच ऱ्हाई,” ते शेवटी आपल्या अहिराणीत म्हणाले. माझी मुलगी इथंच राहील.

तात्यांची आणि माझी ती शेवटची भेट. दोन वर्षांनी ते गेल्याचं काशीबाईंनी कळवलं. सटाण्याच्या त्या दिवशी मात्र तात्या परतीच्या मोटारीकडे चालू लागले, आणि वडिलांनी उठून ओसरीवरची माझी ट्रंक स्वतःच्या हातानं आत नेली.